कंपनीची एकच पेटी की जोडीला आपला राउटर?

फायबर इंटरनेट घेताना कंपनीच्या ओएनटीमधलंच (फायबरमधला प्रकाश-सिग्नल नेटमध्ये बदलणारी पेटी) वाय-फाय वापरायचं, की ओएनटी ब्रिज मोडवर टाकून, म्हणजे तिला फक्त सिग्नल पुढे द्यायला लावून, पुढे स्वतःचा राउटर जोडायचा, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. साताऱ्याला आई-बाबांकडे पहिला प्रकार तीन वर्षं होता, पुण्यात माझ्याकडे दुसरा आहे. वेगात मला तरी फरक जाणवला नाही. रेंजमध्ये जाणवला, कारण ओएनटी जिथे फायबर आत येते तिथेच, म्हणजे आमच्याकडे दारामागे अडकते. राउटर मात्र लॅन केबल ओढून घराच्या मध्यावर नेता येतो.

एका पेटीची बाजूही खरी आहे. एकच अडॅप्टर, लाइट गेल्यावर एकच मिनी यूपीएस, आणि बिघाड झाला तर जबाबदार एकच. दोन पेट्या असल्या की हेल्पलाइनवर हमखास ऐकू येतं, "तुमच्या राउटरचा प्रॉब्लेम आहे."

माझा निर्णय झाला तो दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत. साताऱ्याचं नेट गेलं. मी फोनवरून आईला विचारतोय, कुठला दिवा लाल आहे? त्या पेटीवर पॉवर, पॉन, एलओएस, इंटरनेट, फोन असे सगळे दिवे एका ओळीत आणि अक्षरं मुंगीएवढी. "दोन लाल आहेत, कुठले ते वाचता येत नाहीत," आई म्हणाली. तेवढ्यात हेल्पलाइनने तिला मागच्या भोकात पिन दाबून धरायला सांगितलं. तिने दाबली. मूळ बिघाड बाहेर तुटलेल्या फायबरचा होता, तो संध्याकाळपर्यंत दुरुस्तही झाला. पण रिसेटमुळे पेटीतलं पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कवर लॉगिन करायचं, युजरनेम-पासवर्ड पुसलं गेलं होतं. सणामुळे माणूस यायला तिसरा दिवस उजाडला. आरतीला आम्ही व्हिडिओ कॉलवर नव्हतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

दोन पेट्या असत्या तर बिघाड कुठे आहे हे आधीच कळलं असतं, असं मला वाटतं. ओएनटीवर एलओएस लाल असेल तर प्रकाशच पोहोचत नाहीये. पिवळी पॅचकॉर्ड (पेटीला जोडलेली फायबरची छोटी वायर) कुठे दुमडली आहे का, हिरवा कनेक्टर नीट बसला आहे का, एवढं पाहायचं आणि तक्रार नोंदवायची. बाकी कशाला हात लावायचा नाही. पॉन स्थिर हिरवा आहे, म्हणजे फायबरची जोडणी ठीक आहे, पण राउटरला इंटरनेट मिळत नाही, तर पीपीपीओई लॉगिन किंवा रिचार्ज तपासायचा. लॅपटॉप थेट ओएनटीला लावून त्याच युजरनेम-पासवर्डने डायल केल्यावर ६९१ एरर आली, तर लॉगिन नाकारलं जातंय आणि राउटर निर्दोष आहे. हेल्पलाइनच्या त्या वाक्याला माझ्याकडे हेच उत्तर असतं. सगळं हिरवं आहे, एखादं अ‍ॅप चालतंय पण साइट उघडत नाहीत, तर राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर) ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून पाहा.

एक सावधगिरी मात्र हवी. ब्रिज न करता राउटर नुसता मागे जोडला आणि ओएनटी आणि राउटर दोघांचाही आयपी पत्ता (नेटवर्कमधला क्रमांक) १९२.१६८.१.१ असला, तर वाय-फाय पूर्ण दिसतं आणि नेट येत नाही. अशा वेळी राउटरचा पत्ता बदलावा लागतो.

भाड्याची एक खोली असेल आणि वर्षभरात जागा बदलायची असेल, तर कंपनीची पेटी पुरेशी आहे, वेगळा खर्च कशाला? पण घरचे गावाला आणि दुरुस्ती फोनवरून तुम्ही करणार असाल, तर मी राउटरचे पैसे घालेन. जोडणी घेण्याआधीच ब्रिज करून देणार का ते विचारा आणि युजरनेम-पासवर्ड लिहून घ्या.

साताऱ्याला आता दोन पेट्या आहेत. एकीवर मोठ्या अक्षरात 'कंपनीची' आणि दुसरीवर 'आपली' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. मागच्या पावसात आईचा फोन आला, "कंपनीच्या पेटीवर लाल लागलाय रे, आपली बरी आहे." मी तिला पिनेला हात लावू नको म्हटलं आणि पुण्यातूनच तक्रार नोंदवली.