तेर–येडशी एकदिवसीय सहल: आठ महिने, चार फेऱ्या आणि ढाब्यावरचा एक चहा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सहलीच्या कंपनीतून फोन आला. "काका, तुमचा पास एकतीस मार्चला संपायलाय." मी म्हणालो, बाबा, पास जुलैत काढलाय, त्यावर 'वर्षभर वैध' असं छापलंय. तर पोरगा म्हणतो, "वर्ष म्हणजे आर्थिक वर्ष, काका." तेव्हाच ठरवलं, आता लिहायचंच.

सहल कोणती ते लातूरकरांना सांगायला नको. सकाळी लातूरहून सतरा सीटर गाडी निघते, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं वस्तुसंग्रहालय, त्रिविक्रम मंदिर, गोरोबाकाकांचं दर्शन, मग येडशीचं रामलिंग अभयारण्य, रात्री घरी. सोबत गाईड. कंपनीचं नाव लिहीत नाही. सुटं तिकीट ९५० रुपये, चार फेऱ्यांचा ऋतुपास ३,००० रुपये. म्हणजे फेरी ७५० ला पडते. आम्ही दोघांनी दोन पास काढले, ६,००० मोजले. आता हिशोब बघा: चौथी फेरी बुडाली असती तर फेरी पडली असती हजाराला. सुट्या तिकिटापेक्षा पन्नास रुपये जास्त देऊन पासधारक म्हणून मिरवायचं!

आधीच सांगतो, मी एसटीत एकतीस वर्षं काढली, शेवटची बारा वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी कुठंही थांबली की माझा हात घड्याळाकडं जातो. ही सवय घरातसुद्धा कुणाला आवडत नाही.

पहिली फेरी, श्रावणातला रविवार. सुटायची वेळ ७.००, सुटली ७.२५. मुरूड मागं पडलं आणि एका ढाब्यावर गाडी लागली. ८.०५ ते ८.५२. सत्तेचाळीस मिनिटं! चहा पैशात धरलेला नाही, वीस रुपये वेगळे. नाष्टा म्हणून सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमा, दिला, तो मात्र पैशात होता आणि चांगला होता, शेंगदाणे सढळ हाताने. पण सुशीला खायला किती वेळ लागतो? चालक आत टेबलावर ऑम्लेट खात होता आणि त्याच्याकडं बिल गेलं नाही, हे मी पाहिलं. यात मला नवीन काही नाही. आमच्याही गाड्या अशाच ठराविक हॉटेलांवर लागायच्या आणि कुणाचं जेवण फुकट असायचं हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं. पण आमचं तिकीट ९५० नव्हतं.

आणि मग तेरच्या वस्तुसंग्रहालयात किती वेळ? चाळीस मिनिटं. चहाला सत्तेचाळीस, दोन हजार वर्षांना चाळीस.

त्या दिवशीचा गाईड गडबडीचा होता. हस्तिदंती बाहुलीपाशी आम्हा सतरा जणांना उभं केलं आणि म्हणाला, "ही रोमहून आपल्याकडं आलेली." बाहुली विताएवढीसुद्धा नाही, काचेपुढं एका वेळी तीन डोकी मावतात. माझी पाळी आली तोवर "चला, चला" सुरू झालं. मला दिसलं ते पुढच्या गृहस्थाचं टक्कल आणि त्यावर पडलेला दिव्याचा उजेड. घरी आल्यावर पाचपैकी दोन तारे द्यायचं ठरवलं होतं. पास आगाऊ घेतला नसता तर दुसऱ्यांदा गेलोच नसतो.

दुसरी फेरी दिवाळीनंतर. चहा: ८.०१ ते ८.५३, बावन्न मिनिटं. मी गाडीत बसून कुरकुरलो. सौ. म्हणाली, "तुम्हा बाप्यांचं बरंय, कुठंबी आडोसा बघता. या रस्त्यानं बायकांना जाण्यासारखी स्वच्छ जागा तेवढी एकच आहे. तिथं रांग असते. तुमच्या घड्याळात बसायलीय का ती रांग?" नव्हती बसत. पुरुष प्रवाशांच्या हिशोबाने थांबे लावत सगळी नोकरी सरली आपली, हे तेव्हा लक्षात आलं. म्हणून ती तक्रार अर्धी मागं घेतली. वीस मिनिटं मान्य. उरलेली बत्तीस कुणाच्या खात्यात, हा प्रश्न मात्र उभाच राहिला.

या वेळी गाईड म्हणून इतिहासात एम.ए. करणारी एक मुलगी होती. तिने पहिल्याच वाक्यात आधीच्या गाईडला उलटा केला. बाहुली रोमहून आलेली नाही, इथल्या हातांची आहे. हिच्यासारखी एक इटलीत पाँपेईच्या राखेखाली १९३८ साली सापडली. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीनं गाडलं, म्हणजे ती बाहुली त्याच्या आधीच तिकडं पोचलेली होती. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तसाच तुकडा आपल्या भोकरदनलाही सापडलाय, म्हणून बरेच अभ्यासक पाँपेईच्या बाहुलीचं माहेर तेर-भोकरदनकडं शोधतात. पण त्या बाहुलीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे, ती लिपी वायव्येकडची, त्यामुळे वाद मिटलेला नाही, हेही तिने सांगितलं. मिटलेला नसताना मिटला म्हणून न सांगणारा गाईड मला प्रथमच भेटला.

मग तिने 'पेरिप्लस' काढला. ग्रीक भाषेतलं, पहिल्या शतकातलं, समुद्रमार्गांचं आणि बंदरांच्या व्यापाराचं माहितीपुस्तक. लिहिणारा कोण ते कुणालाच माहीत नाही. त्यात लिहिलंय की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे, तिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरावर जाते. मी तिला दोनदा सांगायला लावलं. दहा दिवस! पैठण-तेर अंदाजे दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर धरा, म्हणजे बैलांना दिवसाला पंधरा-सतरा. बरोबर बसतं. माझ्या लेखी मराठवाड्याचं हे सगळ्यात जुनं वेळापत्रक. हे तगर म्हणजे नेमकं कोणतं गाव, यावर पूर्वी मोठा घोळ होता. कुणी जुन्नर म्हणायचं, कुणी देवगिरी, रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचवलं होतं. १९०१ साली फ्लीट या इंग्रज संशोधकाने तेरवर बोट ठेवलं. शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करायचे तरी 'तगरपुरवराधीश्वर' ही पदवी मिरवायचे. म्हणजे गाव सोडलं तरी गावाचं नाव सुटलं नाही.

संग्रहालयातलं हे सगळं गावातल्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून आलेलं. तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर जमवलं, म्हणून संग्रहालयाला त्यांचं नाव. शंखाच्या बांगड्या, अकीकाचे मणी, भाजक्या मातीची माणसं, केओलिन या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या. सौ. बांगड्यांपाशी अडकली. एवढ्या बारीक मनगटाची बाई कोण असेल, हा तिचा प्रश्न. मला वाटतं लेकरू असावं.

त्या दिवशी पंचावन्न मिनिटं मिळाली. त्रिविक्रमाच्या देवळात पण ती मुलगी घाई करत नव्हती. विटांचं देऊळ, मागची बाजू अर्धगोल. जाणकार म्हणतात मुळात बौद्ध चैत्यगृह, पुढचा मंडप नंतरचा. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात असं गाडीतल्या एकाने सांगितलं, तर दोन लेकरं वीट शोधत सुटली आणि आईचा मार खाऊन परतली. गोरोबाकाकांच्या समाधीपाशी थापटण्याची गोष्ट झाली, कच्चं मडकं कोण ते. माझ्याकडं बघून सौ. हसली. असू दे.

तर दोन तारे खोडून चार केले होते. येडशीत परत तीन झाले.

कारण येडशी दुपारी एक वाजता. अहो, रान बघायला दुपारी एक वाजता कोण जातं? बावीस चौरस किलोमीटरचं अभयारण्य, १९९७ पासून संरक्षित, आणि आम्ही सतरा जण येसर आमटी, भाकरी हाणून ढेकर देत त्यात शिरलो. जेवण उत्तम, तक्रार नाही (तिसरी भाकरी पंचवीस रुपये, तेही कळवलं नव्हतं). त्या वेळेला रानात एकटा तांबट पक्षी बोलतो, टुक टुक टुक, लोहाराच्या हातोडीसारखा. बाकी सगळं शहाण्यासारखं सावलीला. मोराचा आवाज नाही, ससा नाही, सातभाईसुद्धा गप्प. माकडं तेवढी रामलिंगाच्या पायऱ्यांवर हजर. त्यांना वेळ ठाऊक असते, पिशव्या घेऊन माणसं कधी येतात ती.

पासावर मात्र वाघ छापलाय. २०२४ च्या डिसेंबरात या रानात कॅमेऱ्यात खरंच वाघ आला होता, यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत. वनखात्याने त्याला पकडायची खटपट केली, सगळ्यांनी वाचलंच असेल. तेव्हापासून गाईड लोक चिखलातलं कुत्र्याचं पाऊलसुद्धा श्वास रोखून दाखवतात. वाघाच्या आशेने पास काढणार असाल तर काढू नका. ज्या जनावराने इतकं अंतर पायी तोडलं आणि बहुतेक माणसांच्या नजरेस पडलं नाही, ते तुमच्या ब्लूटूथ स्पीकरसमोर येऊन उभं राहणार नाही.

पावसाळ्यातली येडशी वेगळी, हेही लिहितो नाहीतर अन्याय होईल. श्रावणात धबधबा होता, घळीतलं देऊळ धुक्यात होतं, जटायूची जागा हिरवीगार. लहानपणी बार्शी लाईट रेल्वेच्या छोट्या गाडीतून घाट बघितलेला, तो आठवला. ती गाडी इतकी सावकाश जायची की आमचे लोक एसटीची जाहिरात म्हणून तिचं उदाहरण द्यायचे.

तिसरी फेरी फेब्रुवारीत, पळसासाठी. आणि इथं माझं घड्याळच तोंडघशी पडलं. ढाबेवाल्याच्या घरी लग्न, ढाबा बंद. मला इतका आनंद झाला की सौ.ने चिमटा काढला. रस्त्यात एका पंपावर दहा मिनिटं थांबून गाडी सुसाट तेरात. त्रिविक्रम झालं, गोरोबाकाका झाले, आणि वस्तुसंग्रहालयाच्या दारात पोचलो तर ते उघडायला अजून अवकाश. अर्धा तास पायरीवर. ना चहा ना सावली. तेव्हा चालकाने समजावलं, "काका, ढाब्यावर आमी उगं बसत नाव. इथलं दार उघडंस्तोवर माणसं कुठं ठिवायची?" मग सात वाजता कशाला बोलावता? "आठ म्हणलं तर लोक पावणेनवाला येतेत."

बत्तीस मिनिटांचा हिशोब लागला. मी त्या ऑम्लेटचा उल्लेख केला नाही.

पण एक उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न सुटा होतो. सकाळी दार बंद, दुपारी रान बंद, मग फेरी उलटी का लावत नाही? सहाला निघा, साडेसातला येडशी. मोर, गारवा, सगळं मिळेल. जेवून तेर. उन्हाच्या वेळी माणूस छपराखाली असलेला बरा. मी एका कागदावर दोन्ही बाजूंचं वेळापत्रक आखून, अंतर आणि थांबे टाकून कार्यालयात नेऊन दिलं. जुनी सवय. त्यांनी ठेवून घेतलं आणि महिनाभर काही झालं नाही.

मग तो आर्थिक वर्षाचा फोन. मी पास घेऊन समक्ष गेलो, 'वर्षभर' या शब्दावर बोट ठेवून उभा राहिलो. पाऊण तास. शेवटी मालक बाहेर आला, म्हणाला, चौथी फेरी देतो, पण तीस मार्चच्या आत. आणि हळूच, "काका, उन्हाळ्यामुळं आमी उलटीच काढायलाव आता." माझा कागद त्याच्या टेबलावरच्या काचेखाली होता. श्रेय काही दिलं नाही.

गेल्या रविवारी ती चौथी फेरी झाली. निघायची वेळ ६.००, सुटली ६.२०. येडशीत ७.४० ला मोर ओरडत होते, एक तर वाटेवरच होता, शेपूट ओढत निवांत गेला. पळस संपत आला होता. तेरात तीनला पोचलो आणि इथं माझ्या वेळापत्रकातली चूक उघडी पडली: येसर आमटी पोटात असताना कुणाला इतिहास ऐकू येत नाही. निम्मी गाडी बाहेर झाडाखाली आडवी झाली. गाईड जांभया देत होता, जुनाच तो, रोमवाला. आम्ही दोघं आत गेलो. काचेपुढं कुणी नाही. पंचवीस मिनिटं मी त्या बाहुलीसमोर एकटा उभा होतो, तिचे दागिने वरून खाली आणि खालून वर मोजले, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. सौ. बांगड्यांपाशी.

नव्याने काढणाऱ्यांनी पास घेताना 'वर्षभर' म्हणजे कधीपर्यंत, ते तारखेनिशी लिहून घ्यावं. इतिहासवाली मुलगी कोणत्या रविवारी असते तेही विचारावं. भाकरी घरून न्यावी. तारे चार.

परतीला गाडी त्याच ढाब्यावर लागली. ५.५० ते ६.४१. चहा आता पंचवीस रुपये झालाय.