कचेरीसमोरची वडापावची गाडी : चवीला दाद, तेलाला नाही

गेली दोन वर्षे आठवड्यातले किमान चार दिवस मी या गाडीवर दुपारचे जेवण म्हणून दोन वडापाव खात आलो असल्याने हा अभिप्राय एखाद-दुसऱ्या भेटीवर बेतलेला नाही. चवीबद्दल तक्रारीला जागा नाही. भाजीत आले-लसूण ठेचून घातलेले असते, बेसनाचे आवरण पातळ असते आणि लसणाची सुकी चटणी मालक सैल हाताने भुरभुरतात. मिठात घोळवलेली तळलेली मिरची तर निव्वळ लाजवाब.

अडचण कढईत आहे. सकाळचे तेल दिवसभरात बदललेले मी कधी पाहिले नाही. दुपारी चारपर्यंत ते काळपट होते, त्यावर फेस धरतो आणि धुरकट वास येतो. वारंवार तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारे घटक, साठत जातात व त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांपुढे गेले की ते तेल वापरू नये, असा आपल्याकडे अन्नसुरक्षेचा नियम आहे. त्यात पाव मैद्याचा. तंतुमय घटक नावापुरतेच असल्याने त्यातील पिष्टाची साखर लवकर होते आणि पोट भरल्याचे समाधान फार टिकत नाही. मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगितली आहे, आणि इथे तर पाव, वडा, चटणी, मिरची सगळेच खारट.

परवाच्या रक्ततपासणीत माझे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, २१० निघाले. ते १५० च्या आत हवे. दोष एकट्या गाडीचा नाही, माझे बैठे कामही त्यात आहेच. आता मी महिन्यातून दोनदाच जातो, तेही सकाळी, पहिल्या घाण्याच्या वड्यासाठी. चवीला पाचपैकी साडेचार, तेलाला दीड.