‘सु कासा’ की ‘ला कासा दे एया’?

स्पॅनिशमधलं ‘सु’ मोठं लबाड. ‘सु कासा’ म्हणजे त्याचं घर, तिचं, त्यांचं, शिवाय समोरच्याला मान देऊन ‘तुमचं’सुद्धा. संदर्भ नसेल तर मालक कोण, ते कळतच नाही. घरं अनेक असली की ‘सुस कासास’. मालक कितीही असोत, एका घराला ‘सु’च.

‘ला कासा दे एया’ जरा लांबलचक, पण घर तिचंच, वादच नको. मेक्सिकोत समोरच्याला ‘उस्तेद’ (आदरार्थी ‘तुम्ही’) म्हणून बोलत असताना ‘सु’ बहुधा ऐकणाऱ्याचंच समजलं जातं, त्यामुळे तिथे हा पर्याय सर्रास कानावर पडतो. लिहिताना मात्र मालक आधीच आला असेल तर माझं मत ‘सु’लाच. आणि डोकं दुखत असेल तर दोन्ही नकोत, सरळ ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणा, शब्दशः ‘मला डोकं दुखतं’; डोकं कोणाचं, ते ‘मला’तच आलं.