कार्ड लगेच बंद होते, तक्रारीची पोच मात्र मागून घ्यावी लागते

परभणी शहरातील एका खासगी बँकेत आमच्या घरातील बचत खाती बऱ्याच वर्षांपासून आहेत. त्या बँकेच्या डेबिट कार्ड सेवेविषयी, आणि विशेषतः कार्डाचा गैरवापर झाल्यानंतर ती सेवा कशी चालते याविषयी, हे परीक्षण आहे. बँकेचे नाव मुद्दाम दिलेले नाही. जालना, हिंगोली, सेलू अशा ठिकाणच्या ओळखीच्या मंडळींशी बोलल्यावर थोड्याफार फरकाने हाच अनुभव निरनिराळ्या बँकांच्या नावाने ऐकायला मिळाला, आणि व्याजाचा एक मुद्दा अद्याप बँकेकडे प्रलंबितही आहे.

प्रकार असा घडला. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये, दुसऱ्या शनिवारच्या आदल्या रात्री, माझ्या पत्नीच्या खात्यातून एका परदेशी संकेतस्थळावर दोन व्यवहारांत मिळून सुमारे अठरा हजार रुपये गेल्याचे एसएमएस आले. त्याआधी कोणाचा फोन आला नव्हता, कोणती लिंक उघडली गेली नव्हती आणि कार्ड कपाटातच होते. ओटीपीही आला नव्हता, आणि तो येण्याचे कारणही नव्हते. कार्डाने ऑनलाइन पैसे देताना दुसरी पडताळणी हवी, हा रिझर्व्ह बँकेचा २००९ पासूनचा नियम देशातील व्यवहारांसाठी आहे. परदेशातील व्यापाऱ्याला तो बांधील धरत नाही. कार्डाचा क्रमांक, मुदतीची तारीख आणि मागच्या बाजूचे तीन आकडे कोठून तरी बाहेर पडले, की अशा संकेतस्थळावर तेवढ्यावर खरेदी होऊ शकते. ‘ओटीपी सांगितला नाही म्हणजे पैसे सुरक्षित’ असे समजणाऱ्या सुशिक्षित माणसांनाही ही गोष्ट सहसा ठाऊक नसते, आणि बँक ती आपण होऊन सांगत नाही.

प्रथम या सेवेतील चांगला भाग सांगतो. बँकेच्या मोबाइल ॲपमध्ये कार्ड नियंत्रणाचे स्वतंत्र पान आहे. एटीएम, दुकानातील स्वाइप मशीन, ऑनलाइन खरेदी आणि मशीनला नुसते टेकवून पैसे देण्याची ‘टॅप’ सोय, या चारही गोष्टी देशासाठी आणि परदेशासाठी वेगवेगळ्या चालू किंवा बंद करता येतात आणि प्रत्येकीची रोजची मर्यादाही ठरवता येते. त्या रात्री आम्ही आधी सर्व कळा बंद केल्या आणि मग कार्ड कायमचे बंद केले. मिनिटभरात काम झाले, तसा एसएमएसही लगेच आला. ॲपचे मराठी भाषांतर अर्धवट आहे. पहिल्या पानावर ‘खाते’ आणि ‘हस्तांतरण’ दिसते, पण कार्डाच्या पानावर गेल्यावर सगळे इंग्रजीत. तरीही कळांची मांडणी सोपी असल्यामुळे काम अडत नाही. पूर्वी कार्ड बंद करायलाही शाखा उघडण्याची वाट पाहावी लागे, हे लक्षात घेता या सोयीला मी पूर्ण गुण देईन.

मात्र त्याच पानावर एक खटकणारी गोष्ट दिसली. परदेशी ऑनलाइन व्यवहारांची कळ चालू होती. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवे किंवा बदलून दिलेले कार्ड केवळ देशातील एटीएम आणि स्वाइप मशीनपुरतेच चालू असले पाहिजे. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप या सोयी ग्राहकाने स्वतः मागितल्यावरच सुरू व्हायला हव्यात. हे कार्ड वर्षभरापूर्वीच बदलून मिळालेले होते आणि आम्ही देशातील ऑनलाइन खरेदीखेरीज काहीही सुरू केले नव्हते. मग परदेशी व्यवहारांची कळ कोणी आणि केव्हा चालू केली, हा प्रश्न मी लेखी विचारला. उत्तरात ‘आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे’ एवढेच वाक्य आले. माझ्या मते या संपूर्ण सेवेतील सर्वांत गंभीर उणीव हीच आहे, कारण ही कळ बंद असती तर पुढचे काहीच घडले नसते.

आता तक्रार नोंदवण्याचा भाग, ज्यावर ग्राहकाच्या पैशांचे भवितव्य ठरते. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ग्राहकाची जबाबदारी दिवसांच्या हिशेबाने ठरवून दिली. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, माहिती मध्येच कोठेतरी फुटली, अशा प्रकरणात व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले तर ग्राहकाचे नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर प्रत्येक व्यवहारामागे साधारण बचत खात्याला दहा हजारांपर्यंत आणि जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला पाच हजारांपर्यंत भार सोसावा लागतो. त्याहून उशीर झाला तर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे. ‘प्रत्येक व्यवहारामागे’ हे शब्द सहज नजरेआड होतात. आमचे दोन्ही व्यवहार दहा हजारांच्या आतले होते. म्हणजे चौथा दिवस उजाडला असता तर सगळेच्या सगळे अठरा हजार आमच्या माथी बसू शकले असते. दिवस मोजताना एसएमएस आल्याचा दिवस धरत नाहीत आणि आपल्या शाखेच्या सुट्ट्याही वगळतात, म्हणून आमच्या बाबतीत मोजणी सोमवारपासून सुरू झाली. हे संरक्षण ग्रामीण बँकेच्या ग्राहकांनाही आहे, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसेच परिपत्रक निघाले आहे. आपल्याकडे जिल्हा बँक आणि नागरी बँकांमध्ये खाती असणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे हा तपशील येथे मुद्दाम नोंदवत आहे.

दिवसांवर एवढे अवलंबून असेल तर ग्राहकाने केव्हा कळवले याचा पुरावा लगेच हाती पडला पाहिजे. परिपत्रकातही तक्रार मिळताच नोंदणी क्रमांकासह पोच द्यावी, संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर अशा तक्रारीसाठी थेट जागा असावी आणि व्यवहाराच्या एसएमएसला तेथूनच उत्तर देता यावे, असे स्पष्ट म्हटलेले आहे. या बँकेच्या एसएमएसला उत्तर जात नाही. संकेतस्थळावर जागा आहे, पण ती पहिल्या पानावर नसून ‘संपर्क’ या शीर्षकाखाली दोन पायऱ्या आत आहे. ग्राहक सेवेच्या फोनवर मराठीसाठी आकडा दाबता येतो, पण नंतर बोलणारा माणूस हिंदीत बोलतो. त्याने कार्ड बंद असल्याची खात्री केली आणि ‘तक्रार शाखेत द्या’ असे सांगून फोन ठेवण्याची तयारी केली. नोंदणी क्रमांकाचा आग्रह धरल्यावर, आणि वरिष्ठाकडे फोन वळवून घेतल्यावर, तो एसएमएसने मिळाला. आग्रह न धरणाऱ्या ग्राहकाच्या हाती त्या रात्री कार्ड बंद झाल्याच्या संदेशाखेरीज काहीच उरले नसते, आणि कार्ड बंद करणे म्हणजे तक्रार करणे नव्हे.

सोमवारी शाखेत गेलो. काउंटरवरील तरुण कर्मचारी अदबीने बोलला, पण त्याचे पहिले वाक्य होते, ‘काका, आधी ठाण्यातून एफआयआर आणा, मग अर्ज घेता येईल बघा.’ तक्रार स्वीकारण्यासाठी एफआयआरची अट परिपत्रकात कोठेही नाही, हे मी त्याला सांगितले. परिपत्रकाची छापील प्रतच सोबत नेली होती. त्याने ती शाखा व्यवस्थापकांकडे नेली. त्यांनी अर्ज घेतला, पण पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही मिळवण्यासाठी आणखी बराच वेळ बसावे लागले. आवक शिक्का मारायला एवढा संकोच का असावा, हे मला समजलेले नाही. रांगेत माझ्या मागे पाथरी तालुक्यातून आलेले एक शेतकरी होते. सोयाबीनची पट्टी खात्यावर जमा झाली होती आणि एटीएमवर ‘मदत’ करणाऱ्या कोणीतरी त्यांचे कार्ड बदलून दुसरेच हाती दिले होते. त्यांनाही एफआयआर आणायलाच सांगितले गेले. त्यांच्याजवळ छापील प्रत नव्हती, म्हणून माझी त्यांना देऊन टाकली.

पोलिसांकडे जाऊ नये असा याचा अर्थ नाही. १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आणि सायबर गुन्ह्यांचे राष्ट्रीय पोर्टल यांचा उपयोग कोठे होतो हे मात्र समजून घ्यायला हवे. पैसे देशातील एखाद्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये गेले असतील, तर ते पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखून धरण्याचे काम या यंत्रणेतून होते, म्हणून यूपीआय किंवा खात्यावरून झालेल्या फसवणुकीत तेथे पहिला फोन करणेच शहाणपणाचे. आमच्यासारख्या प्रकरणात पैसे परदेशी व्यापाऱ्याकडे कार्डाच्या जाळ्यातून जातात. ते परत आणण्याचा मार्ग म्हणजे बँकेने व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या नियमांनुसार व्यवहाराला हरकत घेणे, ज्याला बँकेच्या भाषेत चार्जबॅक म्हणतात. १९३० वरही आम्ही तक्रार नोंदवली. तेथे मराठीत बोलता आले आणि पोच क्रमांक न मागता मिळाला.

निकालाबाबत तक्रार करण्यासारखे फारसे नाही. ग्राहकाने कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांच्या आत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते; ती मुदतीच्या अगदी शेवटी, पण मुदतीत जमा झाली. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच असते आणि नव्वद दिवसांत तक्रार निकाली निघावी लागते. तीही निघाली, आमच्या बाजूने. परंतु ही रक्कम मूळ व्यवहाराच्या तारखेपासूनच खात्यात होती असे धरून तिच्यावरील व्याज द्यायचे असते. ते मिळाले नाही. व्याज वीस-बावीस रुपयांपलीकडे जात नाही, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या खात्यातून दोन लाख गेले त्याच्यासाठी हीच ओळ महत्त्वाची ठरते.

शाखेतील सूचनाफलकाविषयीही लिहायला हवे. फसवणुकीपासून सावध राहण्याचे एक भित्तिपत्रक तेथे आहे, इंग्रजीत, आणि त्यात ओटीपी सांगू नका याखेरीज काही नाही. पिन दुसऱ्याला देणे हा ग्राहकाचा निष्काळजीपणा मानला जातो आणि कळवेपर्यंतचे संपूर्ण नुकसान त्यालाच सोसावे लागते, हे तेथे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेले असायला हवे होते. आपल्याकडे लातूरला शिकवणीसाठी राहणाऱ्या मुलांच्या खिशात वडिलांचे एटीएम कार्ड असते आणि पिन फोनमध्ये साठवलेला असतो. निराधार अनुदान काढायला आलेल्या आजीबाई पिन मोठ्याने सांगतात. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो, पण नियमाच्या दृष्टीने त्या घराचे संरक्षण तेवढ्याने गेलेले असते. मुलाला द्यायचेच असेल तर त्याच्या नावाचे वेगळे खाते, वेगळे कार्ड आणि महिन्याच्या खर्चापुरती रक्कम हा मार्ग आहे, आणि ते खाते काढून देण्याबाबत ही शाखा तत्पर आहे, हेही नमूद करतो.

या प्रकरणानंतर आम्ही जमा रक्कम दुसऱ्या खात्यात हलवली. त्या खात्याला कार्ड घेतलेले नाही आणि यूपीआय जोडलेले नाही. रोजच्या खात्याच्या कार्डावर ऑनलाइनची मर्यादा कमी ठेवली आहे, परदेश पूर्ण बंद आहे, आणि टॅपही बंद आहे, कारण पाच हजारांपर्यंत त्यास पिन लागत नाही आणि बसस्थानकावर पडलेले कार्ड कोणीही टेकवू शकतो. अंगठा लावून पैसे काढण्याची सोय गावोगावच्या ग्राहक सेवा केंद्रांत असल्यामुळे आईचे आधारवरील बोटांचे ठसे लॉक केले आहेत. अनुदान काढायच्या दिवशी ते तेवढ्यापुरते उघडतो. हे काम बँकेचे नसून आधारच्या ॲपमधून होते, पण बँकेने ते सुचवायला काय हरकत होती? ‘पीएम किसान’, ‘लाडकी बहीण केवायसी’ अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फायली तर ग्रामीण ग्राहकांच्या रोजच्या परिचयाच्या आहेत, आणि एक उघडली तरी फोनमधले एसएमएस दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली आणावीत असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. या बँकेने तो वेळेत पाळला, त्यामुळे निदान खोटे संकेतस्थळ ओळखणे सोपे झाले.

एकूण पाहता ॲप आणि कार्ड नियंत्रण यांसाठी ही बँक मी कोणालाही सुचवेन. शाखेतील आणि फोनवरील तक्रार सेवेसाठी सुचवणार नाही. तेथे जायचे झाल्यास अर्जाच्या दोन प्रती, एसएमएसचे छायाचित्र आणि परिपत्रकाची प्रत घेऊनच जावे आणि शिक्का मिळाल्याशिवाय उठू नये. व्याजाचा आणि परदेशी व्यवहारांच्या कळेचा असे दोन्ही मुद्दे बँकेच्या नोडल अधिकाऱ्यांकडे लेखी दिले आहेत. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर ते रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातील. तेथे शुल्क लागत नाही, टपालाने किंवा ईमेलने कोणत्याही भाषेत तक्रार देता येते आणि १४४४८ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते.