जोडी घ्या, नाहीतर राहू द्या : अ‍ॅबर्डीनमधलं जुन्या मॅच प्रोग्रॅमचं टेबल

आधी तक्रार सांगून टाकतो. या टेबलावर फुटबॉलच्या युरोपियन सुपर कपचा सुटा प्रोग्रॅम मिळत नाही. तुम्हाला फक्त पिटॉड्रीच्या, म्हणजे अ‍ॅबर्डीन क्लबच्या घरच्या मैदानावरच्या, मॅचचा हवा असला तरी हॅम्बुर्गचाही गळ्यात पडतो. "फायनल दोन मॅचची होती, अर्धी कशी विकू?" हे टेबल मांडणाऱ्या आजोबांचं ठरलेलं उत्तर. घासाघीस करून बघितली, उपयोग शून्य.

दुकान असं नाहीच. किंग स्ट्रीटपासून चालत जाता येईल अशा एका चर्चच्या हॉलमध्ये अधूनमधून जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. कपबशा, रेकॉर्डी, कुणाच्या तरी आजीचे कोट, आणि मागच्या खिडकीखाली दोन टेबलं जोडून हे आजोबा. पाटी नाही, कार्ड नाही. गेल्या गेल्या "फिट लाइक?" विचारतात, म्हणजे कसं काय, आपण मान हलवायची आणि खोक्यांकडे वळायचं. आम्ही तेलाच्या धंद्यातली माणसं या गावात येतो, समुद्रावर जातो, पगार घेतो, आणि गावाच्या क्लबनं एके काळी काय करून ठेवलंय याचा बहुतेकांना पत्ता नसतो. तो लागायला हे टेबल बरं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रोग्रॅम म्हणजे मॅचच्या दिवशी मैदानावर विकतात ती पुस्तिका. संघांची नावं, मॅनेजरचं चार ओळींचं मनोगत, बाकी जाहिराती. आणि सुपर कप म्हणजे 1999 पर्यंत युरोपियन कप जिंकणारा विरुद्ध कप विनर्स कप जिंकणारा. आता ऑगस्टमध्ये एकाच मॅचमध्ये उरकतात, पण 1997 पर्यंत बहुतेक वेळा एक मॅच इकडे, एक तिकडे आणि गोलांची बेरीज असा हिशेब होता. कल्पना अँटोन विटकाम्प या डच पत्रकाराची. पहिली लढत जानेवारी 1973 मध्ये आयाक्स आणि ग्लासगोच्या रेंजर्समध्ये झाली. रेंजर्सवर तेव्हा बंदी होती, म्हणून युएफा, म्हणजे युरोपियन फुटबॉलची संघटना, ती धरत नाही. आजोबा धरतात. त्यांच्या खोक्यात तीच सगळ्यात पुढे.

खोकं वर्षवार लावलंय आणि तिथेच या माणसाचा खरा नाद दिसतो. 1974, 1981 आणि 1985 या वर्षांची प्लॅस्टिकची पाकिटं आहेत, पण रिकामी. 1974 ला बायर्न आणि माग्डेबुर्गच्या तारखा जुळल्या नाहीत, 1981 ला लिव्हरपूल आणि तिबिलिसीच्या. 1985 ला एव्हर्टनचा युव्हेंटसशी सामना व्हायचा, पण हायझेलच्या दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांवर बंदी आली. न झालेल्या मॅचलाही जागा राखून ठेवणारा दुकानदार मी दुसरा बघितला नाही. एकाच मॅचमध्ये निकाल लागलेली वर्षं, म्हणजे ट्युरिनमधली युव्हेंटस-लिव्हरपूल किंवा 1991 ची मँचेस्टर युनायटेड-रेड स्टार, वेगळ्या डब्यात, टेबलाखाली. तो डबा मागितला तर काढतात, पण चेहऱ्यावर नाराजी दिसते.

जोडीच्या हट्टावर मी वैतागलो होतो. मग त्यांनी 1980 चं पाकीट उघडून समोर ठेवलं. नॉटिंगहॅममध्ये फॉरेस्टनं व्हॅलेन्सियाला 2-1 हरवलं, व्हॅलेन्सियात फॉरेस्ट 0-1 हरलं. बेरीज 2-2, आणि परक्या मैदानावरच्या एका गोलावर कप स्पेनला. नुसता नॉटिंगहॅमचा प्रोग्रॅम घरी नेला तर जिंकल्याची आठवण घेऊन जाल आणि कप दुसऱ्याच्या कपाटात असेल. याच्या उलट मिलान: घरी आयाक्सविरुद्ध 1-0 जिंकले आणि आठवड्याभरात अ‍ॅमस्टरडॅमला सहा खाऊन आले. यावर मी काय बोलणार!

मी घेतली ती अर्थातच 1983 ची. तीस पौंड, रोख. कार्डाचं नावही काढू नका. मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्गसनच्या अ‍ॅबर्डीननं मे महिन्यात गोथेनबर्गला रिआल माद्रिदला 2-1 हरवून कप विनर्स कप आणला होता, आणि समोर युव्हेंटसला हरवून युरोपियन कप जिंकलेलं हॅम्बुर्ग. दोन वर्षांपूर्वी याच हॅम्बुर्गनं अ‍ॅबर्डीनला युएफा कपमधून बाहेर काढलं होतं, दोन्ही मॅच मिळून 5-4. म्हणजे जुनं उट्टं बाकी होतंच. कोल्हापूरकराला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. शाहू स्टेडियमवर एका हंगामात हरलेली पेठ पुढच्या हंगामापर्यंत काय काय लक्षात ठेवते, ते आम्ही लहानपणापासून बघतोय.

हॅम्बुर्गच्या अंकातलं मला ओ की ठो कळत नाही, सगळं जर्मन. तारीख 22 नोव्हेंबर, निकाल 0-0. पिटॉड्रीच्या अंकावर 20 डिसेंबर. या दोन तारखांच्या मध्ये हॅम्बुर्ग टोकियोला जाऊन ब्राझीलच्या ग्रेमियोकडून 1-2 हरून आलं होतं, 11 डिसेंबरला. उत्तर समुद्राच्या काठावर, ऐन थंडीत, तेही त्या प्रवासानंतर. अ‍ॅबर्डीनच्या विजयाची किंमत यानं कमी होते असं मला वाटत नाही, पण आजोबांना हे बोलून दाखवू नका. मी दाखवलं आणि पुढची पाच मिनिटं अ‍ॅबर्डीनच्या बचावातल्या विली मिलर आणि अ‍ॅलेक्स मॅक्लीशवरचं व्याख्यान ऐकलं.

मालाची अवस्था: पिना गंजलेल्या, त्यांच्याभोवती तपकिरी डाग, कडांना ओल लागून पानं जरा फुगलेली. आतल्या पानावर, संघांच्या नावांखाली, निळ्या बॉलपेननं कुणीतरी लिहिलंय: सिम्पसन 47, मॅक्गी 64. दुसऱ्या नावातली शाई पाण्यानं फुटलीय आणि 2-0 मधला शून्य घाईत अर्धाच राहिलाय. संग्राहक मंडळी असं लिखाण दिसलं की भाव पाडतात. मला मात्र कोरा अंक फुकट दिला तरी नको. पुस्तिका मॅचच्या आधी छापलेली असते, तिला निकाल कुठून माहीत असणार? तो त्या थंडीत उभं राहिलेल्या माणसानंच लिहायचा. आजोबाही लिखाणाचे पैसे कमी करत नाहीत, आणि इथे आमचं एकमत झालं.

बाकी साठ्यात चढउतार आहे. 1977 ची लिव्हरपूल-हॅम्बुर्ग जोडी मिळाली तर सोडू नका. कीगन लिव्हरपूल सोडून हॅम्बुर्गला गेला आणि त्याच वर्षी लिव्हरपूलच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर, सहा गोल खाणाऱ्या संघातून परत आला. 1982 च्या मानाच्या अ‍ॅस्टन व्हिला-बार्सिलोना जोडीला जरा जास्तच भाव लावलाय. पॅरिस-युव्हेंटस 1996 ची जोडी मात्र मी येतोय तेव्हापासून तिथेच पडून आहे. युव्हेंटसनं पॅरिसमध्येच 6-1 जिंकल्यावर पालेर्मोच्या परतीच्या मॅचचा प्रोग्रॅम घ्यायचा तरी कुणी? तिथे सुटा विकण्याचा नियम केला असता तर निम्मा तरी खपला असता.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो रोखीच्या कटकटीसाठी आणि पिशवीसाठी: बाहेर आडवा पाऊस असतानाही माल पातळ कागदी पिशवीतच देतात. जाताना घरून जाड पुठ्ठा आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन जा, आणि दहाच्या आत पोहोचा. त्यानंतर एडिनबर्गकडचे व्यापारी येतात आणि चांगल्या जोड्या अख्ख्या उचलून नेतात.