‘सह्याद्रीच्या पाणवनस्पती’ आणि रंगवलेले लाकूड

कोथरूडच्या आमच्या घरी केवळ देशी पाणवनस्पती आणि ड्रिफ्टवुड, म्हणजे पाण्यात राहून झिजलेले सजावटीचे लाकूड, वापरून गोड्या पाण्याची मत्स्यटाकी उभारण्यासाठी मी शहरातील एका विक्रेत्याकडून सामान घेतले आणि त्यात सुमारे ८,००० रुपयांना फसलो. तक्रार अद्याप चालू असल्याने त्याचे नाव देत नाही. फसवणुकीची रीत मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण माझ्या प्रत्येक शंकेला त्याने दिलेले उत्तर एरवी खरे ठरणारे होते.

महाग वनस्पती दोन होत्या: दक्षिणेकडील पश्चिम घाटातील लाल लॅजेनँड्रा आणि कास पठारावरचा वायतुरा. टाकीत लावल्यावर थोड्याच दिवसांत पाने पारदर्शक होऊन गळू लागली. “काका, हे मेल्टिंग आहे. नर्सरीत झाडं पाण्याबाहेर वाढवतात, पाण्यात गेली की जुनी पानं जातातच,” असे तो म्हणाला. ही माहिती अगदी बरोबर आहे. परंतु खऱ्या पाणवनस्पतीचे खोड या काळात टणक राहते आणि त्यातून पातळ, नवी पाने फुटतात; माझ्या टाकीत नवे पान एकही आले नाही, उलट रोपे मुळापासून सडू लागली आणि पाण्याला कुबट वास सुटला.

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शेजारच्या बाईंना रोपे दाखवली, तेव्हा उलगडा झाला. लॅजेनँड्रा अळूच्या कुळातील असून तिची पाने जमिनीलगतच्या जाड, आडव्या खोडातून एकेक निघतात. माझ्या रोपाला उभ्या दांड्यावर समोरासमोर जोडीने पाने होती, म्हणजे तो कुंडीत लावतात तो पर्पल वॅफल होता. वायतुरा म्हणून दिलेले रोप हिरव्या पानांचा स्पायडर प्लांट निघाले, आणि त्याची पांढरी, मांसल मुळे कंद म्हणून खपवलेली होती. ही झाडे पाण्याखाली काही दिवस ताजी दिसतात, आणि विक्रीला तेवढे पुरते. (वायतुरा खरा निघाला असता तर अधिक वाईट झाले असते. उत्तर सह्याद्रीच्या सड्यांवरील, म्हणजे खडकाळ पठारांवरील, हंगामी डबक्यांत उगवणारी ती प्रदेशनिष्ठ, म्हणजे इतरत्र न आढळणारी, वनस्पती आहे; कुणी तरी ती तिथून उपटूनच आणली असती, आणि उन्हाळा कंदरूपाने झोपून काढण्याची तिची सवय बारमाही भरलेल्या टाकीत कशी चालायची?)

लाकडाची कथा याहून उघड होती. ड्रिफ्टवुडमधील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे पाणी कोऱ्या चहासारखे होते, हे मी जाणून होतो, त्यामुळे “रंग उतरणारच” हे त्याचे म्हणणे प्रथम पटले. टॅनिनचे पाणी मात्र रंगीत असूनही नितळ असते आणि भिजवून, पाणी बदलत राहिल्यास रंग हळूहळू कमी होतो. माझ्या टाकीत पृष्ठभागावर तेलकट तवंग आला आणि पॉलिशचा वास येऊ लागला. चाकूने खालच्या बाजूला खरवडले तर आत ताजे, फिकट लाकूड दिसले. दोन फांद्या गोंद व भुसा भरून जोडल्या होत्या आणि एक सांधा हातातच सुटला. मासे अजून सोडले नव्हते, एवढेच बरे. खरेदीपूर्वी ओल्या पांढऱ्या फडक्याने लाकूड घासावे, सांधे पाहावेत आणि शक्य असल्यास तुकडा रात्रभर गरम पाण्यात बुडवून वास घ्यावा. नव्या लाकडावर येणारा पांढरा, बुळबुळीत थर मात्र बहुधा निरुपद्रवी असतो. तेवढ्यावरून कुणावर आरोप करू नये.

विक्रेत्याने पैशांऐवजी “दुसरी झाडे” देऊ केली, ती मी नाकारली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आहे. तिथे न निभावल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. अडचण बिलाची आहे: त्यावर केवळ ‘अ‍ॅक्वेरियम साहित्य’ असे लिहिलेले आहे. ‘कासचा ओरिजिनल वायतुरा’ हे शब्द त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात आहेत, म्हणून ती संभाषणे मी जपून ठेवली आहेत. आपण बिल घ्याल तेव्हा प्रत्येक वनस्पतीचे शास्त्रीय नाव त्यावर लिहून मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर पैसे देण्याआधीच दुकानातून बाहेर पडा.