डी४ ला उत्तर: स्लाव की सेमी-स्लाव?

बुद्धिबळात पांढऱ्याच्या डी४ आणि सी४ या खेळींना (अक्षर-अंक म्हणजे पटावरील घराचे नाव) काळ्याने डी५ आणि सी६ अशी भक्कम प्यादी उभारून उत्तर द्यायचे ठरवले, की पुढचा निर्णय सी८ वरच्या उंटाचा असतो. स्लाव या बचावात (सुरुवातीच्या खेळींच्या ठरलेल्या पद्धतीत) तो ई६ खेळण्यापूर्वीच एफ५ किंवा जी४ वर बाहेर काढला जातो. सेमी-स्लावमध्ये मात्र ई६ खेळून त्याची वाट स्वतःच बंद करायची, पुढे डी५ च्या प्याद्याने सी४ घेऊन बी५ ढकलायचे, उंट बी७ वर आणायचा आणि योग्य क्षणी सी५ खेळून त्याचा कर्ण मोकळा करायचा, अशी योजना असते.

हा उंट किती जबर ठरू शकतो, हे पाहायचे असेल तर जानेवारी २०१३ मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झी येथील स्पर्धेत झालेला लेव्हॉन अरोनियन (पांढरी मोहरी) विरुद्ध विश्वनाथन आनंद (काळी) हा डाव पटावर मांडून पाहावा. मेरान या सेमी-स्लावच्या उपप्रकारात अरोनियन यांनी बाराव्या खेळीला घोडा जी५ वर नेला, तेव्हा आनंद यांनी एच७ चे प्यादे वाचवण्याऐवजी सी५ ढकलले. सोळाव्या खेळीला त्यांनी घोडा ई५ वर आणला, तेव्हा त्यांचा सी५ वरचा उंट आणि दोन्ही घोडे एकाच वेळी माऱ्यात होते. पण पांढऱ्या प्याद्याने उंट मारला असता तर डी४ वर वजिराचा शह, मग जी१ वर वजिराचा बळी आणि एफ२ वर घोड्याने मात अशी तयारी होती. तेविसाव्या खेळीनंतर अरोनियन यांनी डाव सोडला, तेव्हा बी७ च्या उंटाने जी२ चे प्यादे राजासमोर खिळवून ठेवले होते. पोलिश ग्रँडमास्टर रुबिन्स्टाइन यांच्या १९०७ च्या लॉड्झमधील विख्यात डावाची इथे आठवण होते, आणि विशेष म्हणजे १९२४ मध्ये मेरान येथे हा प्रकार खेळून त्याला नाव मिळवून देणारेही तेच.

या सौंदर्याची किंमत अभ्यासात मोजावी लागते. पाचव्या खेळीला पांढऱ्याचा उंट जी५ वर आला की बोटविनिक किंवा मॉस्को या सेमी-स्लावच्या उपप्रकारांच्या खेळी पाठ हव्यात, कारण तिथे एक चुकीची खेळीही डाव घालवते. स्लावमध्ये एवढे पाठांतर लागत नाही. तिथली अडचण म्हणजे उंट बाहेर गेल्यावर बी७ चे प्यादे उघडे पडते आणि पांढरा वजीर बी३ वर येऊन त्यावर दाब आणतो.

नोकरी सांभाळून शनिवार-रविवारच्या स्पर्धा खेळणाऱ्याने माझ्या मते स्लाव निवडावा. रोज तासभर बसण्याची तयारी असेल आणि जिंकण्यासाठीच काळी मोहरी हाती घ्यायची असतील, तर सेमी-स्लाव निःसंशय घ्यावा. फक्त आधी ई६ आणि नंतर सी६ खेळावे, म्हणजे डी५ वर प्याद्यांची अदलाबदल झाल्यास ई प्याद्याने मारता येते आणि एक्स्चेंज स्लावची (सी प्याद्याने मारल्यावर होणाऱ्या प्रकाराची) निरस बरोबरी टळते.